नडगीचं हाड

बसल्या जागी गुडघ्याखाली, पायाच्या पुढच्या अंगाला बोट ठेवा आणि तसंच घोट्यापर्यंत खाली आणा. वाटेत बोटाला कुठे मांस लागणार नाही. कातडी, आणि कातडीखाली लगेच हाड. मागे पोटरीची भरदार गादी आहे, बाहेरच्या अंगालाही थोडे स्नायू आहेत. पण पुढून-आतून नडगी अगदी उघडी. अंधारात पलंगाचा कोपरा नडगीला लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळेच.

शरीरातल्या लांब हाडांमध्ये सर्वांत जास्त मोडणारं हाड हेच, आणि मोडल्यावर कातडी फाडून बाहेर येणारं हाडही बहुतेक वेळा हेच. दुचाकीवर बसलेल्या माणसाचा पाय डोळ्यांसमोर आणा. धडक देणाऱ्या मोटारीचा बंपर साधारण नडगीच्याच उंचीवर येतो. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात फेरी मारा. उशीवर उंच ठेवलेले, गुडघ्याखाली बांधलेले पाय खाटेमागून खाटेवर दिसतील. त्यातले बरेचसे कमावत्या वयातल्या माणसांचे.

या वॉर्डात नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, फ्रॅक्चर आहे की नुसता क्रॅक आहे?" दोन्ही एकच. केसाएवढी रेघ असली तरी हाड मोडलेलंच असतं. विचारायचं ते वेगळं: तुकडे जागेवरून सरकलेत का, किती तुकडे झालेत, मोड सांध्यात शिरलाय का आणि वरची कातडी शाबूत आहे का. पुढचे सहा महिने कसे जाणार हे या चार उत्तरांवर ठरतं, आणि माझ्या मते त्यातलं चौथं सर्वांत महत्त्वाचं.

हाड डॉक्टर जुळवत नाही, ते आपलं आपण जुळतं. प्लास्टर, सळई, प्लेट, रिंग ही सगळी साधनं ते जुळेपर्यंत त्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी आहेत. हाडांच्या शस्त्रक्रियेचा गेल्या दोनशे वर्षांचा प्रवास या एका गोष्टीभोवती फिरतो: हाडाला धरायचं कसं, आणि धरताना त्याचं रक्त तोडायचं नाही ते कसं.

मोडलेल्या टोकांतून रक्त झिरपतं आणि तिथे गाठ धरते. ही गाठ म्हणजे पुढच्या कामाचा पाया. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये कूर्चेचा मऊ सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियमचे क्षार बसू लागतात. एक्स-रेमध्ये आधी काहीच दिसत नाही, फट तशीच काळी. पेशंट हवालदिल होतो, "महिना झाला, फोटोत अजून फट दिसतेय." मग एके दिवशी मोडाच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखी फिकट पांढरी छटा उमटते. डॉक्टर तिला कॅलस म्हणतात. पुढे हा कापूस घट्ट होत जातो, दोन्ही टोकांना कवटाळतो आणि मग वर्ष-दोन वर्षं शरीर त्याला तासत बसतं; भार येतो तिथे हाड राखायचं, येत नाही तिथलं काढून टाकायचं. कातडी भरून आली तरी वण राहतो. हाडाच्या जागी मात्र पुन्हा हाडच येतं.

यासाठी दोन गोष्टी लागतात, रक्त आणि स्थैर्य. नडगीला रक्ताचीच टंचाई. हाडाला रक्त दोन वाटांनी मिळतं: आतल्या पोकळीत शिरणारी एक मुख्य वाहिनी, आणि बाहेरून आजूबाजूच्या स्नायूंकडून हाडावरच्या पातळ पापुद्र्यात येणाऱ्या बारीक वाहिन्या. नडगीच्या पुढच्या अंगाला स्नायूच नाहीत आणि घोट्याकडच्या खालच्या तिसऱ्या भागात तर सगळीकडून कंडरा आणि कातडी. म्हणून मनगटाचं हाड सहा आठवड्यांत जुळतं आणि नडगी चार-पाच महिने घेते. जखम उघडी असेल तर त्याहून जास्त.

धरून ठेवण्याची विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार दिलेत, सांधा निखळण्याचे सहा वेगळे. वड, उंबर, पिंपळ, पळस, बांबू यांच्या साली आणि कामट्या लावून बांधायला सांगितलंय. मला त्यातली बांधण्याविषयीची सूचना फार मोलाची वाटते: सैल बांधलं तर हाड स्थिर राहत नाही आणि आवळून बांधलं तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते, म्हणून बेताचं बांधावं. बांधलेलं किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचं तेही ऋतूनुसार सांगितलंय. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी.

गावोगावच्या हाडवैद्यांकडे ही बांधणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यांच्या हातून बरे झालेले लोक पुष्कळ आहेत आणि त्यात नवल नाही, कारण न सरकलेलं हाड नीट बांधून ठेवलं की जुळतंच. गडबड होते ती मोडलेल्या जागी मालिश केल्याने आणि बांधणी आवळल्याने. लहान मूल झाडावरून पडतं, कोपराच्या वरचं हाड मोडतं, कामट्या घट्ट बांधल्या जातात आणि काही दिवसांनी मुलाची बोटं आकडीसारखी वळून तशीच राहतात. जर्मन सर्जन रिचर्ड फोकमान यांनी १८८१ मध्ये या व्यंगाचं वर्णन केलं होतं. ते कायमचं असतं. सुश्रुतांनी नको म्हटलेली चूक आजही होते आहे.

हाडवैद्यांच्या घरातूनच आधुनिक शास्त्राला एक मोठा माणूस मिळाला. ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्य घराण्यातले. त्यांच्या वडिलांनी मुलांना रीतसर डॉक्टरीच्या शिक्षणाला घातलं. लिव्हरपूलमध्ये थॉमस यांनी लोखंडी कडं आणि दोन लांब सळ्या यांची एक साधी चौकट बनवली. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांसाठी आघाडीवर नेली. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबही न सांडता मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. हलवाहलवीत ते वाढतं आणि माणूस दगावतो. त्या काळच्या नोंदींनुसार युद्धाच्या सुरुवातीला अशा जखमींपैकी सुमारे ८० टक्के मरत, ही चौकट आल्यावर ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आलं. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, पाय नुसता ताणून स्थिर धरला. आपल्या अपघात विभागांत कोपऱ्यात टांगलेली ती लोखंडी चौकट आजही ‘थॉमस स्प्लिंट’ याच नावाने मागवतात.

प्लास्टरची पट्टी डच लष्करी डॉक्टर आंतोनियस मथायसन यांची, १८५१ च्या सुमाराची. नडगीसाठी ती फार वर्षं एकमेव इलाज होती. पण नडगी सरकू द्यायची नाही तर वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे बांधावे लागतात. मांडीपासून बोटांपर्यंतचं ते ओझं महिनोन्‌महिने वागवायचं. प्लास्टर काढल्यावर पोटरी निम्मी झालेली असते, गुडघा वाकत नाही, घोटा लाकडासारखा. अमेरिकेत ऑगस्टो सार्मिएन्टो यांनी १९६७ मध्ये गुडघा मोकळा ठेवणारं प्लास्टर पुढे आणलं आणि पेशंटला त्यावर चालायला लावलं. न सरकलेल्या नडगीसाठी ती पद्धत आजही उत्तम आहे. ऑपरेशन टळत असेल तर टाळावं, हे चांगला सर्जन स्वतःहून सांगतो.

हाडाला आतूनच आधार देण्याची कल्पना उत्तर जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युंट्शर यांनी तडीस नेली. १९३९ मध्ये त्यांनी मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई ठोकली आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या सर्जनांपुढे हे काम मांडलं. अनेकांना ते अघोरी वाटलं. मज्जेत लोखंड घालायचं म्हणजे काय? युद्ध संपताना जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांचे एक्स-रे काढले तेव्हा दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले. मांडीत हातभर सळई, आणि माणूस चालतोय.

आज नडगीत ‘रॉड टाकला’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. बहुतेकदा कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो, त्यामुळे पेशंट जागा असतो आणि हातोडीचा आवाज त्याला ऐकू येतो. गुडघा वाकवून वाटीच्या खाली चार-पाच सेंटीमीटरचा छेद घेतात. नडगीच्या माथ्याशी, सांध्याच्या किंचित पुढे, चांभाराच्या आरीसारख्या हत्याराने भोक पाडतात. त्यातून टोकाला मणी असलेली लांब तार पोकळीत सरकवतात. सर्जनसह सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन. कारण बाजूला सी-आर्म हे कमानीच्या आकाराचं एक्स-रे यंत्र असतं आणि पडद्यावर पायाचा आतला भाग दिसत असतो. सहायक पाऊल धरून पाय ताणतो, थोडा फिरवतो, आणि तार वरच्या तुकड्यातून खालच्या तुकड्यात शिरते. पडद्यावर ती मोड ओलांडते तो क्षण खरा. इथपर्यंत मोडलेल्या जागेची कातडी उघडलेलीसुद्धा नसते.

मग त्या तारेवरून रीमर हे फिरतं पातं घालून पोकळी अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने रुंद करतात. हाडाच्या कडक भिंतीला पातं घासू लागलं की हाताला थरथर कळते, तिथे थांबायचं. या घासण्याने आतलं रक्त काही काळ तुटतं, पण बाहेरच्या पापुद्र्यातलं वाढतं, आणि निघालेला हाडाचा चुरा मोडाच्या जागी पसरून रोपासारखा उपयोगी पडतो. पोकळीहून मिलिमीटरभर बारीक सळई हातोडीने आत जाते. वर आणि खाली आडवे स्क्रू लावून ती हाडाला जखडतात. क्युंट्शर यांच्या मूळ सळईला हे स्क्रू नव्हते, म्हणून ती हाडाच्या मध्यावरच्या सरळ मोडापुरतीच चालायची. तुकडे पुष्कळ असतील तर पाय आखडायचा किंवा फिरायचा. स्क्रूवाल्या सळया १९७० च्या दशकात रुजल्या. घोट्याजवळचा स्क्रू लावणं सर्वांत कौशल्याचं. सळईचं भोक पडद्यावर लंबगोल दिसत असेल तर नेम चुकणार. ते पूर्ण गोल दिसेपर्यंत यंत्र आणि पाय हलवत राहायचं आणि मगच ड्रिल लावायचं. सी-आर्म नसलेल्या रुग्णालयांसाठी अमेरिकेतले डॉ. लुईस झर्कल यांनी बाहेरून मोजपट्टीसारखी चौकट लावून हे भोक शोधता येईल अशी सळई बनवली आणि १९९९ मध्ये ती गरीब देशांत पोचवणारी संस्था काढली. मला हे काम मोठमोठ्या शोधांच्या पंगतीला बसणारं वाटतं.

सळई हाडाच्या मधोमध असल्याने भार वाटून घेते. मोड साधा असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून पाय टेकवता येतो.

प्लेटची गोष्ट निराळी. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकारी सर्जनांनी एओ नावाचा गट स्थापन केला. तुकडे तंतोतंत बसवा, प्लेट-स्क्रूने घट्ट करा आणि सांधे लगेच हलवा, ही त्यांची शिकवण. जिथे मोड सांध्यात शिरतो तिथे ती आजही शंभर टक्के लागू आहे. गुडघ्यातल्या किंवा घोट्यातल्या गुळगुळीत पृष्ठभागाला दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी पुढे सांधा झिजू शकतो. हाताच्या पुढच्या भागातली दोन हाडंही प्लेटच मागतात, कारण ती एकमेकांभोवती फिरतात. जराशी वाकडी जुळली तर कुलपात किल्ली फिरवताना आणि भाकरी उलटताना हात अडतो.

पण एक्स-रेमध्ये चित्रासारखं हाड दिसावं या ओढीने सर्जनांनी मोठमोठे छेद घेतले, हाडावरचा पापुद्रा खरवडला, प्रत्येक तुकडा मोकळा करून जागेवर बसवला. फोटो सुंदर आला आणि हाड उपाशी राहिलं. हाड जुळणं आणि धातू थकणं यांची शर्यतच असते. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते, तशी सहा-आठ महिने हाड जुळलं नाही तर उत्तम पोलादाची प्लेटही तुटते. दोष प्लेटच्या कंपनीचा नसतो, बहुतेकदा रक्ताचा असतो. एओच्याच लोकांनी हे प्रांजळपणे मान्य केलं. आता सांध्यापासून दूरचा मोड शक्यतो उघडत नाहीत. दोन लहान छेदांतून प्लेट कातडीखालून सरकवतात आणि मधले तुकडे त्यांच्या मांसाला चिकटलेले तसेच राहू देतात.

कातडी फाटली की सगळी गणितं बदलतात. रस्त्यावरची माती, कपड्याचे धागे, डांबराचे कण हाडात जातात. अशा वेळी जागेवर करायचं ते थोडंच आहे: स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा, बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका, हळद किंवा कॉफी भरू नका, जाड घडी केलेलं वर्तमानपत्र किंवा फळी दोन्ही बाजूंनी लावून पाय सैलसर बांधा आणि १०८ ला फोन करा. रुग्णालयात अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितका पू होण्याचा धोका कमी. त्यासाठी एक्स-रेची वाट पाहू नये. मग ऑपरेशन टेबलावर सलाइनने लिटर-लिटर धुणं आणि मेलेलं मांस, सुटे तुकडे निर्दयपणे काढणं. साबणाच्या पाण्याने धुवावं की साध्या सलाइनने, हे पाहायला २४४७ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात भारतातलेही रुग्ण होते. २०१५ मध्ये निकाल आला: साधं सलाइनच बरं.

पाय वाचेल की कापावा लागेल, हा सर्जनच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेकरन आणि सहकाऱ्यांनी नडगीच्या अशाच भयंकर जखमांसाठी गुण देण्याची पद्धत बसवली. कातडी, हाड, आणि स्नायू-नसा यांना वेगवेगळे गुण, शिवाय मधुमेह, उशीर, घाण यांचे वेगळे. १४ पर्यंत पाय वाचवण्याचा प्रयत्न करावा, १७ किंवा त्याहून जास्त असतील तर बहुधा कापावा, मधल्या आकड्यांवर अनुभवी माणसांनी विचार करावा. या पद्धतीचा उपयोग आता जगभर होतो. त्यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली: हाडाचा आणि प्लास्टिक सर्जरीचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून एकत्र हवेत. उघड्या नडगीवर जिवंत मांस-कातडीचं पांघरूण लवकर आलं तरच आतली सळई टिकते.

आणि हाडाचा तुकडाच हरवला असेल तर? इथे सायबेरियातल्या कुर्गान गावाचे गाव्रील इलिझारोव येतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी पायाभोवती धातूच्या रिंगा आणि हाडातून आरपार ताणलेल्या बारीक तारा यांची रचना वापरली. त्यांना दिसलं की हाड पापुद्रा राखून कापलं, आठवडाभर थांबलं आणि मग दोन टोकं रोज एक मिलिमीटर, तेही पाव-पाव मिलिमीटर चार वेळा, दूर नेत गेलं, तर मधल्या फटीत नवं हाड उगवतं. घाई केली तर हाड धरत नाही, रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं. उंच उडीतला ऑलिंपिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात पाय चिरडून घेऊन बसला होता. अनेक ऑपरेशनं फसल्यावर तो कुर्गानला गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू शकला. पश्चिम युरोपला ही विद्या १९८० नंतर, कार्लो मौरी या इटालियन गिर्यारोहकाचा पाय त्यांनी बरा केल्यावर कळली. चावी घेऊन रोज चार वेळा नट फिरवायचं काम पेशंट स्वतः करतो. दर सेंटीमीटरमागे साधारण महिनाभर रिंग अंगावर राहते. चिकाटीची परीक्षा असते, पण हाड स्वतःचंच मिळतं. आपल्या मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी याच जातीची हलकी, स्वस्त चौकट हाताच्या जखमांसाठी आणि मुलांच्या जन्मतः वाकड्या पावलांसाठी घडवली. ‘जेस’ या नावाने ती देशभरच्या सर्जनांना ठाऊक आहे.

घरी आल्यावरचं थोडक्यात. बिडी-सिगारेट बंद, निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि धूम्रपान करणाऱ्यांची नडगी उशिरा जुळते, हे पक्कं सिद्ध झालंय. साखर ताब्यात ठेवा. कांडवेल लावल्याने सरकलेलं हाड जागेवर येत नाही. पायाचं सूप आवडीने प्या, पण अंडी, डाळ, दूध यांनीही तेच काम होतं. सांगितलेल्या दिवसापासून पाय टेकवा. भार पडला तरच हाड घट्ट होतं. रॉड त्रास देत नसेल तर तो काढलाच पाहिजे असं नाही.

एक धोका मात्र प्रत्येक घराला माहीत हवा. गुडघ्याखालचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात आणि त्यांचं आवरण ताणत नाही. आत रक्त साचून दाब वाढला की बारीक वाहिन्या मिटतात आणि स्नायू गुदमरतात. पावलाची नाडी लागत असली तरी हे चालू असू शकतं, म्हणून नाडीवर विसंबू नका. इंजेक्शन देऊनही न थांबणारा, वाढतच जाणारा ठणका, दुसऱ्याने पायाची बोटं हलवली की पोटरीत जीवघेणी कळ, बोटांत मुंग्या आणि बधिरपणा, ही त्याची लक्षणं. प्लास्टर किंवा पट्टी तेव्हाच कातडीपर्यंत पूर्ण कापावी लागते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कप्पे ऑपरेशनने मोकळे करावे लागतात. रात्रीचे दोन वाजले असतील तरी पेशंटला घेऊन निघा, सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका. दाबलेले स्नायू साधारण सहा तास तग धरतात.